नाताळचा तयार डबा: दोदोल मागवा, कुलकुलं घरीच वळा

डिसेंबर लागला की गोव्यातल्या अनेक घरगुती स्वयंपाकघरांतून नाताळच्या गोडाचे डबे मुंबई-पुण्याकडे निघतात. शेजारीपाजारी वाटायच्या या गोडाच्या ताटाला गोव्यात कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडे कुसवार. लहानपणीचा नाताळ म्हटलं की गोव्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत आधी हे ताट आठवतं, केकचा नंबर त्यानंतर. इथे परीक्षण आहे ते गोव्यातल्या बार्देश तालुक्यातून येणाऱ्या अशाच एका घरगुती एक किलोच्या डब्याचं. आत दोदोल, बेबिंका, दोस, पेराद, बोलिन्हा, नेवऱ्या आणि मैद्याची वळून तळलेली कुलकुलं असे सात पदार्थ आहेत.

डबा उघडल्यावर आधी दोदोल बघावा, कारण करणाऱ्याचा हात तिथेच कळतो. पाव किलो तांदळाच्या पिठाला तीन मोठ्या नारळांचं दूध आणि पाऊण किलो माडाचा गूळ, असं साधारण प्रमाण. हा काळा गूळ किंचित खारट असतो आणि त्यात बारीक कच असते. त्यामुळे तो नारळाच्या पातळ दुधात विरघळवून गाळून घ्यावाच लागतो. मग जाड बुडाच्या कढईत दोन-तीन तास, हात न थांबवता घोटायचं. कडेने तेल सुटलं आणि गोळा कढई सोडून एकत्र फिरायला लागला की झाला. या डब्यातला दोदोल बोटाने दाबला की दबतो आणि पुन्हा वर येतो, बोटाला तेलाची चकाकी राहते पण चिकटत काही नाही. काजू मऊ झालेले, दाताखाली कच नाही. उत्तम. घाईने उतरवलेला दोदोल टाळूला चिकटतो आणि चार दिवसांत वरून बुरसतो. उसाचा गूळ वापरला असेल तर नुसता गोड लागतो, माडाच्या गुळाचा तो धुरकट वास येत नाही. कापताना सुरीला खोबरेल तेलाचा हात लावा. फ्रिजमध्ये तो दगड होतो, तिथे ठेवलाच तर खायच्या तासभर आधी बाहेर काढा.

बेबिंकाही घेण्यासारखी. गोव्याच्या बेबिंकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंड्यांचा पिवळा बलक, नारळाचं घट्ट दूध, साखर, मैदा, तूप आणि जायफळ, सामान एवढंच. कष्ट आहेत ते थरांचे. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तांबूस करायचा, त्यावर चमचाभर तूप, मग पुढचा थर. पूर्वी मडक्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून हे करत. ओव्हन असेल तर फक्त वरची जाळी चालू ठेवावी. खालची आच लागली की पहिला थर करपून कडू होतो. इथे सात थर आहेत आणि सगळे सारख्या जाडीचे. सुरी उभी घातली की कडा स्वच्छ निघते आणि थर एकमेकांना धरून राहतात. आधीचा थर फार करपला किंवा मधे तूप जास्त झालं तर ते पत्त्यांसारखे सुटतात. मैदा वाढवला तर रबरासारखी ओढ येते. इथे दोन्ही दोष नाहीत, फक्त जायफळ कमी पडलंय. थंड खाऊ नका, काप किंचित कोमट करून घ्या.

दोस म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि ओल्या खोबऱ्याची वडी. डाळ शिजवून अगदी गंधासारखी वाटावी लागते, नाहीतर वडी रवाळ होऊन तुटते. इथे वाटण बारीक आहे, पण आटवणं दहा मिनिटं कमी पडलंय. वडीवर बोट ठेवलं की ओल लागते, म्हणून ही आधी संपवा. पेराद, म्हणजे पेरूच्या गराची वडी, ठीक आहे, बिया नीट गाळल्यात. बोलिन्हा, म्हणजे रवा-खोबऱ्याची बिस्किटं, खुसखुशीत आहेत आणि चहाबरोबर छान लागतात.

खरी तक्रार नेवऱ्यांबद्दल आहे. नेवरी म्हणजे आपली करंजीच. गोव्यात ती गणेश चवथीला हिंदू घरातून ख्रिस्ती घरात जाते आणि नाताळला उलट्या दिशेने येते. इतक्या मानाची वस्तू या डब्यात दोदोलाला खेटून बसवली आहे. दोदोलाचं तेल आणि ओल पापुद्र्यात उतरते आणि पोचेपर्यंत नेवरी मऊ पडते. शिवाय सारण ओल्या खोबऱ्याचं आहे. घरी शेजारच्या दारात दुसऱ्याच दिवशी पोचणाऱ्या नेवरीला ते शोभतं. प्रवासाला नेवरी पाठवायची तर सुकं खोबरं भाजून, पिठीसाखर, भाजलेले तीळ आणि वेलची घालून केलेलं सारणच हवं. ते दोन आठवडे सहज टिकतं. मधे साधा पुठ्ठ्याचा पडदा घातला असता तरी अर्धी तक्रार मिटली असती.

कुलकुलं मात्र विकत घेऊच नयेत असं स्पष्ट मत आहे. डब्यातली कुलकुलं जाड वळलेली, गडद तळलेली आणि पाकाने एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेली आहेत. बरी असती तरी सल्ला हाच राहिला असता. नाताळच्या आधीच्या आठवड्यात मोठ्यांनी पीठ मळायचं आणि पोरांनी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर कुलकुलं वळायची, हे या सणातलं मुलांचं हक्काचं काम. ते डब्यातून येत नाही.

अर्धा किलो मैद्याला चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन आणि एक अंडं. मग लागेल तसं नारळाचं घट्ट दूध घालत पुरीपेक्षा जरा सैल पीठ मळायचं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. ही विश्रांती चुकली तर पीठ आखडतं आणि वळताना मागे येतं. गोटीएवढा गोळा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पातळ पसरवायचा आणि टोकाकडून गुंडाळत आणायचा, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. शेवटची कड दाबून बसवायची, नाहीतर तेलात उलगडते. एवढ्या पिठाची दीडशेच्या आसपास होतात. मुलांकडून जाड होतातच. ती वेगळी काढून शेवटी, बाकीच्यांपेक्षा मंद आचेवर तळावीत. तेल फार तापलं की बाहेरून लाल आणि आत कच्ची राहतात, मग दुसऱ्या दिवशी वातड होतात. पाक हवाच असेल तर दोन तारी करून, आच बंद केल्यावर त्यात कुलकुलं घोळवायची आणि ताटात सुटी पसरायची, एकावर एक रचायची नाहीत.

डब्याचा आणखी एक दोष म्हणजे भाव सरसकट वजनावर लावलाय. कुलकुलं आणि नेवऱ्या मिळून डब्याचं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन भरतं, म्हणजे मैद्यालाही बेबिंकेचाच दर पडतो. सुटी ऑर्डर घेतात का ते विचारा. घेत असतील तर अर्धा किलो दोदोल आणि अर्धा किलो बेबिंका सांगा, माल 22-23 डिसेंबरला हातात येईल असं बघा आणि दोदोलाला वेगळं तेलकागदाचं वेष्टण मागून घ्या. आल्याबरोबर बेबिंका फ्रिजमध्ये ठेवायची, दोदोल बाहेर, आणि दोस घेतला असेल तर तो पहिल्या तीन दिवसांत वाटून टाकायचा.