आयसीयूबाहेरचा मुलांचा कोपरा : फुकट आहे, चांगला आहे, फक्त रात्री नाही

वणीला नाहीतर शिर्डीला निघालेलं कुटुंब, वाटेत अपघात, 108 ची गाडी सगळ्यांना नाशिकला आणते. एक मोठं माणूस जखमीजवळ कॅज्युअल्टीत, दुसरं बिलाच्या खिडकीवर. गावात नातेवाईक कुणी नाही, आणि चार नि सात वर्षांची दोन पोरं वॉचमनच्या खुर्चीवर. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात अशा पोरांसाठी स्वयंसेवकांचा कोपरा चालतो. आयसीयूच्या वेटिंगला लागून बारा बाय दहाची खोली, वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 7, पैसे घेत नाहीत. स्वयंसेवक बहुतेक इथलेच, थंडीच्या दिवसांत एकदोन परदेशी असतात.

सगळ्यात भक्कम आहे ती मूल ताब्यात घेण्याची पद्धत. चिठ्ठीवर नाव, वय, चालू औषध, कशाने अंगावर उठतं, न्यायला कोण येणार, हे सगळं लिहून घेतात. वर घरातलं हाकेचं नाव वेगळं विचारतात. ‘सार्थक’ म्हटल्यावर ढिम्म बसलेलं पोर ‘बंटी’ म्हटलं की मान वळवतं, त्यामुळे हा रकाना वाया जात नाही. मुलाच्या आणि पालकाच्या मनगटावर एकाच नंबरची पट्टी बांधतात. नंबर जुळला नाही तर सख्ख्या मामालाही मूल देत नाहीत. यावरून काउंटरवर आवाज चढतात, पण त्या गोंधळात ‘मी मामा’ म्हणणारे दोघंतिघं येऊ शकतात, तेव्हा पट्टी हवीच. खोलीत कायम दोघं, दार उघडं, फोटो काढायचे नाहीत. परदेशी पाहुण्याला एकट्याला बसवत नाहीत, हेही योग्यच.

बोलण्याची शिस्तही चांगली आहे. ‘बाबा झोपलेत’ हे वाक्य इथे बंद. ऐकलेलं मूल रात्री स्वतः झोपायला घाबरतं, नाहीतर बाबा उठायची वाट बघत राहतं. त्याऐवजी तीन वाक्यं: आईला लागलंय. डॉक्टर तिला बघतायत. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. तिसरं वाक्य मोठ्यांना विनाकारण वाटतं, पण चारपाच वर्षांच्या मुलाला ‘मी गाडीत दंगा केला म्हणून झालं’ असं मनापासून वाटू शकतं. ‘काही होणार नाही’ असा शब्द कुणी देत नाही. वाईट बातमी असेल तर ती घरचं माणूस सांगतं, स्वयंसेवक फक्त जवळ बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतलं ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ हे सूत्र इथे खरंच पाळलेलं दिसतं.

परदेशी स्वयंसेवकाचं काय? भाषेची अडचण आहेच, पण ती त्यांच्यापुरती नाही. सुरगाणा-पेठकडचं पोर कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत बोलतं, बागलाणचं अहिराणीत, तिथे नाशिकच्या कॉलेज रोडची शहरी मराठीही अडखळते. उलट साबणाच्या फुग्यांना भाषा लागत नाही. रडणाऱ्या मुलाचा श्वास हुंदक्यांनी तुटक झालेला असतो. तशी फुंकर मारली की साबणाचा पडदा फुटतो, फुगा होतच नाही. आधी स्वयंसेवक हळू, लांब फुंकून दाखवतो, मग कडी मुलाच्या ओठांपासून चार बोटं लांब धरतो. पाचव्या-सहाव्या खेपेला फुगा धरतो, म्हणजे श्वास लांबलेला असतो. ‘शांत हो’ म्हणायची वेळच येत नाही. मात्र साबणाचं पाणी फरशीवर पडलं की ती बर्फासारखी निसरडी होते, म्हणून हे सतरंजीवरच व्हावं. खोलीत सतरंजी आहे, पण गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली.

तीन वर्षांखालच्या मुलाला अनोळखी चेहरा आणि अनोळखी भाषा ही दुहेरी भीती. तिथे नाशिकचीच मावशी बरी, आणि आईची वापरलेली ओढणी. रक्ताचा डाग नाही ना, तेवढं बघून द्यावी. मूल स्वतः येईपर्यंत हातभर अंतरावर जमिनीवर बसायचं. आल्याआल्या मिठी मारणारे उत्साही स्वयंसेवक इथेही आहेत, त्यांना कुणीतरी आवरायला हवं.

आता उणिवा. मोठी उणीव चिठ्ठीतच आहे: ‘मूलही त्याच गाडीत होतं का, त्याला डॉक्टरांनी तपासलं का’ हा रकाना नाही. डोक्याला मार बसलेलं मूल पेंगू लागलं तर ‘रडून दमलं, झोपलं’ असं समजणं धोक्याचं. पेंग, उलटी, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर लगेच नर्सला बोलवायचं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाणीही नाही, कारण ऑपरेशन करायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. हा रकाना येईपर्यंत, मूलही त्याच गाडीत होतं हे पालकांनीच आपणहून सांगावं.

खाऊचा डबाही तपासायला हवा. हंगामात आख्खी द्राक्षं, एरवी चिवडा! पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात द्राक्ष बुचासारखं बसतं. उभं चिरून चार फोडी कराव्यात. चिवड्यातले शेंगदाणे तर या वयाला नकोतच. नर्सबाई कौतुकाने हातमोजा फुगवून कोंबडा करून देतात, तो फुटला की रबराचा तुकडा तोंडात जातो. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल ते खेळणं, आणि बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तेही, बाहेर काढावं. मऊ अस्वलं गोड दिसतात, पण रोज धुता येत नाहीत. प्लॅस्टिकचे ठोकळे आणि मेणाचे खडू पुरेत.

संध्याकाळी सातनंतर दाराला कुलूप, आणि अडचण नेमकी तेव्हाच जास्त. तेव्हा ड्यूटीवरच्या समाजसेविकेला बोलवायला सांगा. सांभाळणारं कुणीच नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. आणि मूल परत घेताना ती चिठ्ठी मागून घ्या, तिच्यावर तुमचा मोबाइल नंबर असतो.