हक्क मुलीचा होता, सही मात्र माझी घेतली

माझ्या घटस्फोटित पतींचे नोकरीत असतानाच निधन झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नव्हते, आईवडीलही हयात नव्हते. मागे राहिली ती आमची १९ वर्षांची मुलगी. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीची चौकशी करायला मी कार्यालयात गेले, तेव्हा फाटकाबाहेरच एका गृहस्थाने मला गाठले. "ताई, घटस्फोट झाला म्हणून काय झाले? इतकी वर्षे संसार केलात, विधवा पेन्शन तुमचीच," असे तो अदबीने म्हणाला. माझ्या संसाराची अशी दखल कोणी घेतल्याला फार वर्षे झाली होती, म्हणूनच बहुधा मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

आधी २५,००० रुपये, मग "साहेबांसाठी" म्हणून १५,००० रुपये त्याने यूपीआयवर घेतले. लालबागला आमच्या घरी येऊन त्याने कागद पसरले. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या आधीच मारलेल्या होत्या, आणि मी फुलीमागून फुलीवर सह्या करत गेले. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रतही "जमा करावी लागते" म्हणून तो घेऊन गेला.

मुलीने त्या कागदांचे फोटो काढून ठेवले होते. रात्री ती ते वाचू लागली आणि प्रतिज्ञापत्रातल्या एका ओळीवर थांबली: "मी मयताची कायदेशीर पत्नी असून..." पैसे त्याने घेतले होते, पण खोटे विधान माझ्या सहीने झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी थेट आत, जनसंपर्क खिडकीवर गेले. तेथील बाईंनी शांतपणे सांगितले की कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ नुसार घटस्फोटित पत्नीला विधवा पेन्शन मिळत नाही. मुलांचा हक्क मात्र आईवडिलांच्या घटस्फोटाने जात नाही. विधवा नसेल तर अपत्याला विधवा पेन्शनच्या ७५ टक्के इतकी रक्कम वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत मिळते. पेन्शनसाठी फॉर्म १०-डी, निधीच्या रकमेसाठी फॉर्म २०, निधीशी जोडलेल्या विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ. आणि या कशालाही शुल्क नाही. मुलगी सज्ञान असल्याने अर्जावर सही तिचीच हवी होती, माझ्या सहीची गरजच नव्हती. ज्या हक्कासाठी मी ४०,००० रुपये मोजले तो मला नव्हता, आणि ज्याचे पैसे लागत नव्हते त्या मुलीच्या हक्काबद्दल त्या माणसाने अवाक्षरही काढले नव्हते.

त्याच दिवशी मी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली, त्या प्रतिज्ञापत्राचा वापर झाल्यास ते माझ्या संमतीने नाही असे कार्यालयाला लेखी कळवले आणि वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातून हुकूमनाम्याची नवी प्रमाणित प्रत मिळवली. मुलीचा अर्ज तिने स्वतः भरला. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे, आणि माझ्या सहीचे ते कागद अजून त्याच्याकडेच आहेत.