शिवोलीत राहून नऊ महिने प्यायलेली कॉफी

गेल्या नोव्हेंबरात उत्तर गोव्यातल्या शिवोलीत घर भाड्याने घेतलं. काम लॅपटॉपवरचं, पण चार भिंतींत दिवसभर बसवत नाही, म्हणून रोज स्कूटर काढून एक कॉफी बाहेर प्यायची असं ठरवलं. जुलैपर्यंत हे चाललं. आसगाव, हणजूण, वागातोर, पूल ओलांडून मोरजी-मांद्रे आणि आठवड्यातून एकदा पणजी. चार दिवसांच्या सहलीत जे लक्षात येत नाही, तेवढंच लिहिते.

समुद्र समोर दिसतो तिथे चांगली कॉफी मला क्वचितच मिळाली. तिथलं गिऱ्हाईक बिअर आणि मासळीसाठी आलेलं असतं. कॉफी मेन्यूच्या शेवटच्या पानावर असते. पूड आधीच दळून ठेवलेली, डबा दिवसभर उघडझाप होणारा आणि सभोवती खारी, दमट हवा. नाताळच्या आठवड्यात कड्यावरच्या एका ठिकाणी तीनशे रुपये देऊन घेतलेली कॅपुचिनो इतकी जळकट होती की अर्धी तशीच सोडली. सांगितलं तर "बाकी सगळ्यांना आवडते" असं उत्तर आलं. पैशांपेक्षा ते उत्तर जास्त लागलं. पुन्हा तिकडे फिरकले नाही.

खरी कॉफी मिळाली ती किनारा सोडून आत, गावात. आसगावात जुन्या घरांच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, चार टेबलं मांडून चालवलेली छोटी दुकानं आहेत. तिथे मी एक सवय लावून घेतली: बसण्याआधी बिया कधी भाजल्या ते विचारायचं. चांगला माणूस या प्रश्नाने खूश होतो आणि पाकिटावरची तारीख दाखवतो. भाजून आठवडा ते महिना झालेल्या बिया सगळ्यात छान लागतात. शेजारच्या कर्नाटकात देशातली जवळपास ७० टक्के कॉफी पिकते, त्यामुळे इथे चिकमगळूर आणि कोडगूच्या बिया सहज येतात. अशा दुकानात दोनशे-अडीचशे रुपये द्यायला मला कधीच जड गेलं नाही.

पणजीची गोष्ट निराळी. १९१३ पासूनचं कॅफे तातो आणि १९२० पासूनचं कॅफे भोसले ही गोंयकारांची सकाळची ठिकाणं. तिथे बन किंवा पाव, पातळभाजी आणि दुधाळ गोड कॉफी घ्यायची, पलीकडे कुणी पेपर वाचत असतं, आणि टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायचं. एस्प्रेसोच्या मापाने या कॉफीला जोखू नये. मी दर बुधवारी गेले आणि एकही बुधवार वाया गेला नाही.

पण कॉफी शॉपची पारख पावसात होते. मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे वाळूवर हंगामापुरती उभारलेली हॉटेलं, उतरवतात, परगावचे कामगार घरी जातात, कितीतरी कॅफेंच्या दारावर ताडपत्री चढते. माझ्या नेहमीच्या अकरा ठिकाणांपैकी जूनमध्ये तीनच उघडी राहिली. ही तिन्ही गावातल्या माणसांच्या जिवावर चालतात, आणि ते कपातही कळतं.

दमट हवेत बिया ओलावा धरतात, दळण बदलतं, आणि काल नेमकी उतरलेली कॉफी आज आंबट किंवा कडू होते. त्या तीनपैकी एका दुकानातला तरुण मुलगा पावसाची सर आली की ग्राइंडरचं माप बदलायचा, पहिला कप स्वतः चाखायचा आणि मनाजोगता नसेल तर ओतून द्यायचा. गिऱ्हाईक म्हणून मी एकटीच असतानाही. त्याची ती मेहनत बघून मला फार बरं वाटायचं.

त्याच्याकडेच मॉन्सून मलबार नावाची कॉफी पहिल्यांदा नीट प्यायले. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन् महिने दमट हवेत राहून बिया फुगायच्या, पिवळट व्हायच्या. पुढे प्रवास लवकर होऊ लागला तेव्हा ती चव हरवली. म्हणून मलबार किनाऱ्यावर गोदामांत बिया पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा देऊ लागले. आंबटपणा जवळपास नाही, दाट, मातीचा वास धरून असलेली. बाहेर धो-धो पाऊस आणि हातात पावसानेच घडवलेली कॉफी, या नऊ महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता कप हाच.

काही कामाच्या गोष्टी. २० डिसेंबर ते ५ जानेवारी लॅपटॉप घेऊन जाऊच नका, जागा नसते आणि त्यांचाही धंद्याचा वेळ असतो. पावसात वीज जाते, म्हणजे मशीनही बंद. तेव्हा फिल्टर किंवा पोअर-ओव्हर (पुडीवर हाताने गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी) मागा. रेंज गेली की यूपीआय चालत नाही, सुटे पैसे जवळ ठेवा. एका कपावर तीन तास बसणार असाल तर दुसरा मागवा. जूनमध्ये त्या दुसऱ्या कपाला किंमत असते.

जुलैत त्या तीनपैकी एका दुकानाच्या मालकीणबाई मला बघितल्यावर मेन्यू द्यायच्या बंद झाल्या होत्या. "बाय, कॉफी जाय मगो? आयज मातशी दाट करतां," (बाई, कॉफी हवी ना? आज जराशी दाट करते) असं कोकणीत म्हणत आत जायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी पाव किलो बिया दोन पिशव्यांत गच्च बांधून दिल्या. पुण्यात पोचल्यावर पिशवी उघडली आणि स्वयंपाकघरभर तो वास पसरला.