जीआरई व्हर्बलसाठी शब्दकार्डांचं ॲप: सहा महिने वापरल्यावर

काल सकाळी खात्यातून 1,499 रुपये गेल्याचा मेसेज आला. जीआरई, म्हणजे परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा, होऊन तीन आठवडे झालेत. तिच्या व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागासाठी घेतलेल्या ॲपचं सदस्यत्व मी आधीच बंद केलंय, त्याचा स्क्रीनशॉटही आहे. तरी तिसऱ्या तिमाहीचे पैसे कापले. मदत कक्षाचं उत्तर आलं: नूतनीकरण झाल्यावर परतावा मिळत नाही. आता एकूण 4,497 झाले. माझ्या पगारात ही रक्कम लहान नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

पण माझा खरा राग पैशांवर नाही, तो कार्डाच्या मागच्या बाजूवर आहे. तिथे प्रत्येक शब्दाला एकच अर्थ दिलाय. एकच! मराठी अर्थ मिळतात म्हणून मी हे ॲप घेतलं होतं. नाशिक रोडहून सातपूरला कंपनीत जाताना बसमध्ये रोज पंचवीस कार्डं व्हायची. पहिल्या महिन्यात मी खुशीत चार तारे दिले होते.

दीड महिन्याने पॉवरप्रेप ही सराव चाचणी दिली, जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेचीच. दोन चाचण्या फुकट मिळतात आणि पडदा हुबेहूब परीक्षेसारखा असतो. व्हर्बलला 170 पैकी 148 आले. चुकलेले प्रश्न वहीत उतरवले तेव्हा दिसलं, की अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांनीच मला जास्त पाडलं होतं. ॲपमध्ये ‘क्वालिफाइड’ म्हणजे ‘पात्र’. ठीक. पण समीक्षकाने एखाद्या कादंबरीची ‘क्वालिफाइड’ स्तुती केली असेल, तर ती हातचं राखून, अटी घालून केलेली स्तुती असते. तिथे ‘पात्र’ घेऊन बसलं की वाक्याचा रोखच उलटा लागतो. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि निर्बंधही. ‘चेक’ म्हणजे आवर घालणं. ‘पेडेस्ट्रियन’ लेखन म्हणजे रटाळ, सामान्य लेखन. ‘कॅथलिक’ आवडीनिवडी म्हणजे सगळं सामावून घेणाऱ्या. यातलं काहीही कार्डावर नव्हतं. परीक्षा नेमकी या दुसऱ्या अर्थांवर बोट ठेवते.

मी ॲपवाल्यांना अकरा शब्दांची यादी पाठवली. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं, तर ‘पाठ झाले’ म्हणून खूण केलेले 412 शब्द पुसले गेले. त्या संध्याकाळी मी अक्षरशः रडले.

आई तेव्हा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती. म्हणाली, “दोन अक्षरी सांग गं. नाटकात असतं, नदीलाही असतं.” मी म्हटलं, “पात्र.” आणि तिथेच डोक्यात लख्ख उजेड पडला. नदीचं पात्र, नाटकातलं पात्र, नोकरीला पात्र, पूजेचं पात्र. हे सगळे अर्थ मला कुणी कार्डावर शिकवले नाहीत, ते वाक्यांतून आले. मग इंग्रजी शब्दांकडून मी एकाच अर्थाची अपेक्षा का करत होते?

आईने कपाटात जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवल्यात. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून मी कार्डं केली. काहींच्या कोपऱ्याला अजून हळदीकुंकवाचं बोट होतं. पुढे शब्द, मागे दोन वाक्यं आणि दोन अर्थ. परीक्षेपर्यंत 340 झाली. खर्च शून्य.

एवढं लिहून झाल्यावर ॲप पुन्हा उघडलं, आणि एक गोष्ट मान्य करायलाच हवी. मी एकच तारा देणार होते, तो अन्याय ठरेल. ‘लकॉनिक’, ‘ऑब्सिक्वियस’, ‘इक्विव्होकेट’ असे शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते, ते याच ॲपने डोक्यात बसवले. विसरलेला शब्द नेमक्या वेळी पुन्हा समोर आणायची त्याची पद्धत चांगली आहे. पहिल्या ओळखीसाठी ते वापरा, पण त्याच्या भरवशावर परीक्षेला बसू नका.

आता परीक्षेबद्दल. सप्टेंबर 2023 पासून ती लहान झाली आहे. व्हर्बलचे दोन भाग, 12 प्रश्न 18 मिनिटांत आणि 15 प्रश्न 23 मिनिटांत. पहिल्या भागात कसं जमलं त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून सुरुवातीला घाई महागात पडते. एका भागात मागेपुढे जाता येतं. मी आधी गाळलेल्या जागा भरल्या आणि लांब उतारा खूण करून शेवटी घेतला. तीन गाळलेल्या जागांपैकी दोन बरोबर आल्या तरी गुण मिळत नाही, तिन्ही लागतात. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे काहीही कोरं सोडू नका.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रश्नप्रकारात एकाच रिकाम्या जागेसाठी, वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन पर्याय सहांतून निवडायचे असतात. समानार्थी जोडी दिसली की हात लगेच तिकडे जातो. थांबा. ती जोडी वाक्यात बसतच नसेल, असं मुद्दाम केलेलं असतं. आधी पर्याय झाकून, रिकाम्या जागी काय हवं ते मराठीत मनाशी म्हणा. ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणून’ या अर्थाचे शब्द वाक्यात शोधा, रोख तिथेच कळतो. माझे सर्वात जास्त गुण या एका सवयीने वाढले.

दुसऱ्या पॉवरप्रेपला 155 आणि प्रत्यक्ष परीक्षेत 157 आले. ॲपला अडीच तारे देते. घ्यायचंच असेल तर एकच तिमाही घ्या, आणि पैसे आपोआप कापण्याची परवानगी फक्त ॲपमधून नाही, बँकेतूनही त्याच दिवशी रद्द करा. पत्रिकांची कार्डं मी रबर लावून ठेवली आहेत. मामेबहिणीची परीक्षा डिसेंबरात आहे, ती रविवारी न्यायला येणार आहे.