बंक बेड : दहा महिन्यांनंतर

बंक बेड, म्हणजे एकावर एक असे दोन पलंग, घेण्याआधी मी असले बरेच अनुभव वाचले होते. सगळे पहिल्याच आठवड्यात लिहिलेले, 'मुलं जाम खूश' छापाचे. अहो, पहिल्या आठवड्यात मुलं पलंगाच्या रिकाम्या खोक्यावरही खूश असतात! म्हणून मुद्दाम १० महिने थांबून लिहितेय.

ठाण्यात आमचा टू बीएचके, मुलांची खोली १० बाय ११. लेक ८ वर्षांची, धाकटा ५ वर्षांचा. पलंग ऑनलाइन मागवला, रबरवुडचा, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचा. निवडताना घरात रंगावरून आणि खालच्या ड्रॉवरवरून दोन दिवस वाद झाले. वर पंख्याकडे मात्र कुणीच पाहिलं नाही.

फिटिंगवाला जोडणी करून गेला. लेक शिडीवरून सरसर वर गेली, गादीवर उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. पंखा चालू. माझ्या पोटात गोळाच आला. नवऱ्याने झडप घालून बटण बंद केलं, आणि मग आम्ही टेप घेऊन बसलो. वरची गादी जमिनीपासून सव्वापाच फुटांवर, त्यावर चार फुटांची पोर. पंख्याची पाती साडेआठ फुटांवर. ४८ इंची पंखा मध्यापासून २ फूट फिरतो, म्हणजे १० फुटी खोलीत पात्याचं टोक भिंतीपासून फक्त ३ फुटांवर. पलंग कठड्यासकट सव्वातीन फूट रुंद! पलंग दुसऱ्या भिंतीला फिरवून पाहिला, तर पलंग आणि पात्याच्या टोकामध्ये जेमतेम ३ इंच जागा सुटली. ३ इंचांवर कोण झोपणार निवांत? दोन रात्री पोरं हॉलमध्ये झोपली. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने छताचा पंखा उतरवला आणि समोरच्या भिंतीवर जाळीवाला वॉल फॅन लावला. तो खर्च पलंगाच्या किमतीत धरा.

दुसरी चूक गादीची, आणि ती सर्वस्वी आमचीच. पलंगासोबत ४ इंची काथ्याची गादी घेतली होती. 'पोरीची पाठ दुखेल गं,' असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून दिवाळीत ८ इंची फोमची आणली. फळ्यांपासून कठडा १० इंच उंच. पातळ गादीवर तो ६ इंच वर यायचा, जाड गादीवर उरला २ इंच. हे हिशेबाने नाही, एका रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा कळलं. लेकीचा एक पाय मांडीपर्यंत कठड्याबाहेर लोंबत होता. अमेरिकेत बंक बेडसाठी नियमच आहे की कठडा गादीच्या वर निदान ५ इंच हवा. सकाळी गाद्यांची अदलाबदल केली. जाड गादीवर आता दुपारी सासूबाई आडव्या होतात. उठताना मात्र वरच्या फळीवर कपाळ आपटतं, दोनदा टेंगूळ आलंय.

कठडा भिंतीच्या बाजूलाही हवा. आमच्या पलंगाला तो नव्हता. कस्टमर केअरचं उत्तर: 'वॉल साइडला लागत नाही, मॅडम.' पण मुलं उड्या मारतात, पलंग सरकतो. महिन्याभरात भिंत आणि पलंग यांच्यात ४ इंचांची फट पडली होती. अशा फटीतून लहान मुलाचं अंग खाली सरकतं आणि डोकं वर अडकतं. पडण्यापेक्षा मला याचीच भीती जास्त वाटते. कठड्याच्या दांड्यांमधली फटही साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको, ती याच कारणासाठी. शेवटी कोपऱ्यावरच्या सुताराकडून सागाची फळी बसवून घेतली, नट-बोल्टने. खिळे नकोत म्हटलं.

सहा वर्षांच्या आतल्या मुलाने वर झोपू नये, हा नियम आम्ही पाळतो. 'आई, ताई मला वर येऊच देत नाही!' हे रोजचं. शिडी काढता येते, त्यामुळे लेक शाळेत असताना शिडी कपाटामागे जाते. आणि दोरीच्या उड्यांची दोरी, ओढणी, मच्छरदाणीची नाडी यातलं काहीही कठड्याला बांधायचं नाही. एकदा धाकट्याने ओढणीचा झोका केला होता, तेव्हा घर डोक्यावर घेतलं मी.

बाकी किरकोळ. पावसाळ्यात लाकूड फुगून करकरायला लागलं, दिवाळीनंतर बोल्ट सैल झाले. बोल्ट आवळायची एलन-की आता चमच्यांच्या ड्रॉवरमध्येच असते. शिडीच्या पायऱ्या गोल आहेत, पायाला रुततात. चपट्या असलेली घ्या. मे महिन्यात वर झोपणं अशक्य, आमच्या डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब आहे.

आणि वरची चादर बदलणं! गुडघे टेकून, डोकं वाकवून, ज्या गादीवर बसलोय तीच उचलायची. आता ते काम लेकीकडे दिलंय. एका कोपऱ्याची चादर दर वेळी सुटलेली असते, मी बघून न बघितल्यासारखं करते.