जुना गेमिंग पीसी: अपग्रेड की थेट नवा?

निर्णय मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) पाहून घ्यायचा, ग्राफिक्स कार्ड पाहून नाही.

बी४५०सारखा एएम४ बोर्ड (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा) असेल तर अपग्रेडच बरं. जुना रायझन ५ २६०० प्रोसेसर काढून त्याच जागी वेगवान रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो, डीडीआर४ रॅम तीच राहते. बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा. नंतर आठवलं तर स्क्रीन काळीच.

इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर असेल तर गणित उलटं. त्याची डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही एकदम बदलणं आलं. शिवाय विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. असल्या मशीनमध्ये महागडं कार्ड घालू नये.

मधल्या पिढ्यांसाठी सोपी चाचणी: गेमचं रेझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगले वाढले तर कार्ड कमी पडतंय, तेवढंच बदला (आधी पॉवर सप्लायचे वॅट आणि कॅबिनेटमधली लांबी मोजून). जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर अडतोय.

नवा घेतला तरी एसएसडी आणि बहुतेकदा कॅबिनेटही जुनंच चालतं. दहा वर्षांचा पॉवर सप्लाय मात्र नको.