जोंगाची चासी आणि माझे एक लाख ऐंशी हजार

आरटीओचं काम निघालं नसतं तर मला अजूनही कळलं नसतं. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी एजंटनं चासी नंबरची पेन्सिलनं उठवलेली प्रिंट मागितली. नंबरावर अंडरबॉडी कोटिंगचा काळा थर इतका जाड बसला होता की मी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायला लागलो. नंबर सापडला. पण हात वीतभर मागे घसरला आणि स्क्रू ड्रायव्हर पिकल्या पेरूत शिरावा तसा चासीत, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्यात, शिरला. याच चासीसाठी मी सात महिने वाट पाहिली होती आणि १,८०,००० रुपये मोजले होते.

गाडी म्हणजे जोंगा. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ ते १९९९ या काळात निसान पॅट्रोलच्या ६० मालिकेवरून बनलेली लष्करी गाडी. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या नावातून जोंगा. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल. लिटरला पाच किलोमीटर दिले तर देवाची कृपा. माझी गाडी लष्कराच्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या विक्रीत, निघून दोन हात फिरली आणि कोकणातल्या एका वाडीत आठ वर्षं नारळाखाली उभी होती. विकणारा माणूस सरळ. “खाऱ्या वाऱ्यानं चासी खाल्लीय, काम निघेल,” हे त्यानं पैसे हातात घेण्याआधी सांगितलं. फसवलं ते त्याच्या पुढच्यानं.

गॅरेज पुण्याबाहेर, हायवेलगत. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. दारात दोन चकचकीत जीप, भिंतीवर रॅलीचे फोटो, आणि मालकाची जीभ मधाळ. “साहेब, २०१९ ला धोनीनं जोंगा घेतली तेव्हापासून हिला सोन्याचा भाव आलाय. चासी एकदा नीट करून घ्या, नातवंडं चालवतील.” ठरलं ते असं: बॉडी उतरवायची, एक्सल आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सोडवायचे, चासी सँड ब्लास्ट करून, म्हणजे हवेच्या जोरावर वाळू मारून, उघड्या पोलादापर्यंत आणायची, सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीची प्लेट घालायची, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग, शेवटी लाँग मेंबरच्या, म्हणजे चासीच्या दोन लांब तुळयांच्या, आतून वॅक्स. शब्द न् शब्द बरोबर होता. काम येत नसतं तर त्याला इतकं अचूक बोलताही आलं नसतं, म्हणून तर जास्त राग येतो.

लाँग मेंबर पेटीसारखा बंद असला की तो बाहेरून नव्हे, आतून सडतो. चिखल आत जातो, पाणी निघून जायची भोकं बुजतात, आणि ओल महिनोन् महिने तिथंच बसते. त्यात कोकणातलं मीठ. बाहेरून रंग शाबूत दिसतो तेव्हा आत पापुद्रे सुटत असतात. माझं सगळं लक्ष बाहेरच्या रंगाकडे होतं आणि हे त्याला पहिल्या भेटीतच कळलं असणार.

डोळे उघडे असते तर दोन गोष्टी तेव्हाच दिसल्या असत्या. एक म्हणजे कॉम्प्रेसर. ब्लास्टिंगला दांडगा कॉम्प्रेसर लागतो; त्याच्याकडे होता तो टायरमध्ये हवा भरायचा. विचारलं तर म्हणाला, “ब्लास्टिंग बाहेरून करून आणतो.” बाहेर म्हणजे कुठे, एवढी लांब चासी कुठल्या टेम्पोनं गेली, टेम्पोची पावती कुठाय, यातलं मी काहीही विचारलं नाही.

दुसरी, व्हॉट्सॅपवर आलेले फोटो. राखाडी, लख्ख, ब्लास्ट केलेली चासी. मी तो फोटो भावाला पाठवला, ऑफिसात दाखवला, लाज वाटते सांगताना, पण आठवडाभर मोबाइलच्या पडद्यावर ठेवला. पुढे मामानं तो बघितला आणि चष्मा वर करून विचारलं, “अरे, तुझ्या गाडीचं स्टिअरिंग कधीपासून डावीकडे आलं?” फोटोतल्या चासीवर स्टिअरिंग बॉक्सचं ब्रॅकेट डाव्या अंगाला होतं. कुठल्यातरी परदेशी पॅट्रोलचा फोटो नेटवरून उचलून त्यानं माझ्याकडून दुसरा हप्ता काढला होता.

तिसरा हप्ता दिला तोही असाच. “शनिवारी या, चासी बघायला” असं ठरलं होतं. शनिवारी गेलो तर बॉडी चढवून बोल्टसुद्धा आवळलेले. “पाऊस येणार होता साहेब, उघडी ठेवली असती तर प्रायमरवर गंज धरला असता.” मी खाली वाकून, खिशातून नेलेलं चुंबक इकडेतिकडे लावून बघितलं. बहुतेक ठिकाणी चिकटलं. लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरली असती तर चिकटलं नसतं, असं कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आलो.

मामा सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात, होता, व्हेइकल मेकॅनिक. स्क्रू ड्रायव्हरच्या प्रकारानंतर त्याला साताऱ्याहून बोलावलं. त्यानं चुंबकाकडे पाहिलंही नाही, छोटी हातोडी काढली. चासीवर पुढून मागे ठोकत गेला: टण, टण, टण, आणि मागच्या पाट्यांच्या शॅकलपाशी (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीपाशी) एकदम थप. परत पुढे टण, परत थप. सहा जागा खडूनं मांडल्या. एक कापून उघडली तेव्हा थर दिसले: काळं कोटिंग, खाली लांबी, खाली जेमतेम मिलिमीटरभर पत्र्याचा तुकडा चार ठिपके मारून चिकटवलेला, आणि त्याच्याही खाली गंजून जाळी झालेलं मूळ पोलाद. पोकळीत रेझिनमध्ये बुडवून कोंबलेला गोणपाटाचा तुकडा. चुंबक चिकटत होतं ते त्या पत्र्याला. नंतर ओळखीच्या एका फॅब्रिकेटरकडून अल्ट्रासॉनिक गेज आणून जाडी मोजली. शाबूत भागात तीन मिलिमीटरच्या वर, शॅकलजवळ जिथं आकडा मिळाला तिथं दीड. ताम्हिणीच्या वळणावर ते शॅकलचं ब्रॅकेट सुटलं असतं तर हे लिहायला मी उरलो नसतो. कोटिंगखालच्या ब्लास्टिंगचं म्हणाल तर ठिकठिकाणी जुना ऑलिव्ह ग्रीन रंग जसाच्या तसा निघाला.

गॅरेजवाल्याकडे गेलो. आधी म्हणाला, “एवढ्या जुन्या गाडीत एवढं चालतंच.” कापलेला तुकडा समोर ठेवल्यावर म्हणाला, “तुम्हीच स्क्रू ड्रायव्हर खुपसून भोक पाडलंय.” पैशांचा विषय काढल्यावर बिल दाखवा म्हणाला. माझ्याकडे होतं ते कच्चं बिल, त्यावर दोनच शब्द: चासी काम. काय करणार, कसं करणार, किती जाडीची प्लेट, कुठला प्रायमर, काही नाही. सगळं तोंडी.

वाचवलं ते यूपीआयच्या नोंदींनी आणि त्याच्याच व्हॉट्सॅपनं, डाव्या स्टिअरिंगच्या फोटोसकट. जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी पडत नाही, हे वकिलांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. तक्रार दाखल आहे. कापलेले तुकडे जागेच्या खुणेसह पिशव्यांत घालून वकिलांकडे ठेवलेत.

कोणी चासीचं काम करून घेणार असाल तर बॉडी खाली असताना, प्रायमर लागण्याआधी, स्वतः जाऊन उघडं पोलाद बघा. ठरलेल्या दिवशी बॉडी चढलेली दिसली तर तिथल्या तिथे उतरवून घ्या, त्याआधी हप्ता सोडू नका. आपल्या चासी नंबराशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो मागा. आणि हातोडी न्या, शंभर रुपयांची पुरते.

सध्या बॉडी मामाच्या शेडमध्ये चार ड्रमांवर आहे. सहापैकी दोन जागा भरल्यात. लाँग मेंबरवर सरळ आडवा जोड मामा घेऊ देत नाही, तिथंच पुन्हा तडकतं म्हणतो. जोडावर तिरक्या कडांची पानाच्या आकाराची पट्टी बसवतो. उरलेलं आटोपलं की चासी ब्लास्टिंगला जायची आहे. टेम्पोत मागे, चासीच्या शेजारी, मी बसून जाणार आहे.